माशीच्या पंखाचा जीन, बहिणीच्या पोटावरची गाठ आणि डॉक्टरांचं "थांबून बघू"

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुमची बहीण ३१ वर्षांची, शिरपूरला दिलेली. दुसऱ्या सीझरनंतर दीडेक वर्षाने बेंबीच्या खाली पोटाच्या भिंतीत लिंबाएवढी टणक गाठ हाताला लागली, धुळ्याला सुईने तुकडा काढला आणि रिपोर्ट आला "डेस्मॉइड फायब्रोमॅटोसिस, बीटा-कॅटेनिन न्यूक्लियर पॉझिटिव्ह", डेस्मॉइड म्हणजे तंतुमय मांसाची एक गाठ. तुम्ही नेटवर शोधलं तर कळलं की हे बीटा-कॅटेनिन नावाचं प्रोटीन विंट नावाच्या पाथवेतलं, म्हणजे पेशींनी एकमेकींना निरोप द्यायच्या एका मार्गातलं आहे आणि तो पाथवे माशीच्या पंखावरून सापडलाय. तिकडे ऑन्कोलॉजिस्ट, म्हणजे कॅन्सरचे डॉक्टर, म्हणतात ऑपरेशन नको, औषधही आत्ता नको, दोन-तीन महिन्यांनी परत एमआरआय करू, थांबून बघू. तुमचं म्हणणं असं की माशीचा जीन माणसाला रोग कसा करेल, आणि पन्नास वर्षांपासून हा पाथवे माहीत आहे तर तो बंद करायची गोळी का देत नाहीत, डॉक्टर टाळतायत का.

मी जळगावात पॅथॉलॉजिस्ट आहे, बावीस वर्षं झाली काचांवर मांसाचे तुकडे बघतोय, डेस्मॉइड माझ्याकडे वर्षाला एखादी येते, कधी तीही नाही, इतका हा दुर्मिळ प्रकार. मी औषध देणारा डॉक्टर नाही आणि तुमच्या बहिणीची काच मी पाहिलेली नाही, तेव्हा तिच्या बाबतीत नेमकं काय करावं हे मी इथून सांगणार नाही. पण "माहीत असून करत का नाहीत" हे जे तुम्हाला टोचतंय ना, त्याचं उत्तर देता येतं. आणि ते उत्तर त्या माशीतच आहे, म्हणून जरा लांबून येतो.

पिकलेल्या केळ्यांच्या घडावर जी बारीक चिलटं घोंघावतात, रावेर-यावलकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको, तीच ड्रोसोफिला. शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कला थॉमस हंट मॉर्गनच्या लॅबमध्ये दुधाच्या बाटलीत केळं घालूनच ती वाढवायचे. १९७३ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत आर. पी. शर्मा यांनी या माश्यांतला एक नवा प्रकार नोंदवला, त्यात काही माश्यांना एका बाजूचा पंख नव्हता, काहींना दोन्ही नव्हते, म्हणून नाव पडलं विंगलेस. पुढे १९८० मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला क्रिस्टियान न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी हजारो माश्यांची पैदास करून, कुठला जीन बिघडला की अळीच्या अंगाचा कुठला पट्टा बिघडतो याची यादी काढली, त्यात विंगलेस पूर्ण गेला तर अळी अंड्यातच मरते हे दिसलं. म्हणजे तो जीन नुसता पंखाचा नव्हताच, सगळं अंग आखण्याच्या कामात तो होता. या कामाला १९९५ चं नोबेल मिळालं.

आता दुसरी बाजू बघा. १९८२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रूल नुसे आणि हॅरॉल्ड वार्मस उंदरांच्या स्तनाच्या कॅन्सरवर काम करत होते, माश्यांशी त्यांचा काही संबंध नाही. एक व्हायरस उंदराच्या डीएनएत एका ठरावीक जागी शिरला की शेजारचा जीन नको तेव्हा चालू होतो आणि गाठ होते असं त्यांना सापडलं, त्या जीनला त्यांनी इंट-१ म्हटलं. १९८७ मध्ये दोन्ही जीन शेजारी ठेवून वाचले तर इंट-१ आणि विंगलेस एकच निघाले! विंगलेसचा डब्ल्यू आणि इंट मिळून विंट हे नाव झालं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप आली नव्हती, आणि खरं सांगतो, अजूनही कोणाला सांगताना अंगावर काटा येतो.

तर माशीचा जीन तुमच्या बहिणीत आलेला नाही. माशी आणि माणूस यांचा पूर्वज एकच होता, साधारण साठ कोटी वर्षांपूर्वीचा किंवा त्याहूनही जुना, त्याच्याकडे हा जीन होता आणि दोघांनी तो सांभाळला. आपल्याकडच्या भाषांचं बघा ना. अहिराणी, मराठी, गुजराती, हिंदी सगळ्या वेगळ्या झाल्या, क्रियापदं बदलली, प्रत्यय बदलले, पण पाणी, हात, नाक, कान हे शब्द नंदुरबारच्या बाजारात उभं राहून कुठल्याही भाषेत म्हणा, समोरच्याला कळतात. अहिराणीने ते गुजरातीकडून उसने आणलेले नाहीत, दोघींची आजी एक. आणि ते टिकले कारण रोज, पदोपदी लागतात. पेशींचंही तसंच. एका पेशीने दुसरीला "तू वाढ", "तू थांब", "तू डोक्याकडची, तू शेपटीकडची" असा निरोप द्यायचा तर त्याचे मुख्य मार्ग बोटांवर मोजण्याइतकेच आहेत, विंट, हेजहॉग, नॉच, टीजीएफ-बीटा असे काही, आणि तेच मार्ग सगळं शरीर घडवताना पुन्हा पुन्हा वापरले जातात. अशा मार्गात कुठे बदल झाला तर दहा ठिकाणी मोडतोड होते, तो गर्भच जगत नाही, म्हणून तो बदल पुढे जातच नाही. डबक्यातला हायड्रा माहितीये का, पाव इंचाचा जीव, ना मेंदू ना हाडं, त्याचं तोंड ज्या टोकाला असतं तिथेही विंटच चालू असतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत या हायड्रावर वर्षानुवर्षं काम चाललंय. बेडकाच्या गर्भात हाच निरोप चुकीच्या बाजूला दिला तर दोन डोक्यांचं पिल्लू तयार होतं, हे १९८९ मध्ये करून पाहिलेलं आहे.

बरं, जुनं ते सगळं सारखंच असतं असंही नाही. आपल्या कपाशीवरून सांगतो, हे शेतकऱ्याला पटकन कळतं. मोनोक्रोटोफॉससारखं ऑर्गॅनोफॉस्फेट औषध फवारताना अंगावर आलं की माणसाला घाम सुटतो, बाहुली बारीक होते, तोंडाला फेस येतो, कारण ते औषध किडीच्या नसांमधलं जे एन्झाइम बंद पाडतं तेच एन्झाइम माणसाच्या नसांतही आहे, नसांमधून निरोप जायची ती पद्धत इतकी जुनी आहे. आणि बीटी कपाशीतलं प्रोटीन बोंडअळीच्या आतड्यातल्या ज्या रिसेप्टरला, म्हणजे चिकटायच्या जागेला धरतं तो माणसाच्या आतड्यात नाही, म्हणून अळी मरते, आपल्याला काही होत नाही. एकाच शेतात दोन्ही उदाहरणं. म्हणून "माशीत दिसलं म्हणजे माणसात तसंच" असं मी कधी म्हणत नाही, नेमका कुठला तुकडा सारखा आणि कुठला वेगळा ते दरवेळी तपासावं लागतं. माशीत विंटचे सात जीन आहेत, माणसात एकोणीस. मार्ग तोच, फाटे जास्त.

आता गाठीकडे येऊ. बीटा-कॅटेनिन काय करतं ते विहिरीवरून समजा. विहिरीला झरा आहे, पाणी सतत येतंय, आणि तुम्ही मोटर लावून ते सतत उपसताय, म्हणून पातळी तळाशीच राहते. पेशीत बीटा-कॅटेनिन असंच सतत बनतं आणि सतत नष्ट केलं जातं. उपसणारी मोटर म्हणजे चार-पाच प्रोटीनचा जुडगा, त्यात एपीसी नावाचं एक आहे, आणि हा जुडगा बीटा-कॅटेनिनच्या ठरावीक जागांवर फॉस्फेटची खूण करतो, खूण झाली की पेशी त्याला मोडून टाकते. विंटचा निरोप आला की मोटर बंद होते, पातळी वर चढते, बीटा-कॅटेनिन केंद्रकात शिरतं आणि वाढीचे जीन चालू करतं. निरोप संपला की मोटर परत सुरू. निरोगी शरीरात हे रोज, लाखो पेशींत चालू आहे.

तुमच्या बहिणीसारख्या गाठीत बहुतेक वेळा होतं असं की बीटा-कॅटेनिनच्या जीनमध्येच एका अक्षराची चूक होते आणि जिथे खूण करायची नेमकी ती जागाच बदलते, ४१ किंवा ४५ नंबरची. मोटर चांगली आहे, वीज आहे, पण पाणीच असं गढूळ झालं की मोटर ते उचलत नाही. पातळी कायमची वर. मी काचेवर जो तपकिरी रंग बघतो तो या पातळीचाच. नेहमीच्या पेशीत रंग कडेला दिसतो, कारण बीटा-कॅटेनिनचं दुसरं काम पेशींना एकमेकींना चिकटवून ठेवायचं आहे, आणि या गाठीत तो रंग केंद्रकात भरलेला दिसतो. "न्यूक्लियर पॉझिटिव्ह" म्हणजे एवढंच.

आता तुमचा मुख्य प्रश्न, मग बंद का करत नाहीत. एक तर वरून बंद करून उपयोग नाही. विंटचा निरोप पेशीबाहेरच अडवणारी औषधं बनली आहेत, माणसांवर त्यांच्या चाचण्याही झाल्या, पण तुमच्या बहिणीच्या गाठीत निरोप येवो न येवो, पाणी वर आहेच, बिघाड खालच्या अंगाला आहे. मग थेट बीटा-कॅटेनिनलाच धरायचं म्हटलं तर त्याची ज्या बाजूने जीनवरच्या साथीदाराशी गाठ पडते ती लांब, सपाट आहे, गोळीतला छोटासा रेणू बसेल असा खळगा तिथे सापडत नाही, आणि बऱ्यापैकी त्याच बाजूने ते पेशींना चिकटवायचं कामही करतं. एक सोडवायला गेलो तर दुसरं निसटतं.

पण सगळ्यात मोठं कारण वेगळंच आहे, आणि माझ्या मते लोकांना हेच कोणी नीट सांगत नाही. हा मार्ग टिकून राहिला तो सगळीकडे लागतो म्हणून, आणि सगळीकडे लागतो म्हणूनच तो सहजासहजी बंद करता येत नाही. आतड्याचं आतलं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, ते विंटच्या जोरावर. हाडं भक्कम राहतात ती विंटमुळे. केसांची मुळं, जिभेवरची चव, सगळीकडे तोच. विंट अडवणाऱ्या औषधांच्या चाचण्यांत पेशंटची चव गेली, काहींची हाडं ठिसूळ होऊन मोडली. उलट बाजूने बघा, हाडं ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या बायकांना रोमोसोझुमॅब म्हणून इंजेक्शन आहे, २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ते विंटवरचा ब्रेक काढून हाड वाढवतं. एकाच निरोपाने एकीचं हाड भरतं आणि दुसरीच्या पोटात गाठ होते. मराठीत हात हा एकच शब्द, पण हात देणं म्हणजे मदत, हात मारणं म्हणजे चोरी आणि हात टेकणं म्हणजे हार. शब्दाचा अर्थ वाक्यावर ठरतो तसा निरोपाचा अर्थ पेशीवर ठरतो, आणि गोळीला पेशी ओळखता येत नाही, ती सगळीकडे जाते.

बिघाडाची जागा सोयीची असली की मात्र हेच ज्ञान कामाला येतं. १९५० च्या दशकात अमेरिकेत आयडाहोच्या डोंगराळ भागात मेंढ्यांना एका डोळ्याची कोकरं व्हायला लागली, कपाळाच्या मध्यभागी एकच डोळा. शोधता शोधता कळलं की गाभण मेंढ्या ठरावीक दिवसांत एक रानटी वनस्पती खातात, तिच्यातल्या द्रव्याला पुढे सायक्लोपामाइन नाव पडलं. हे द्रव्य करतं काय तर हेजहॉग पाथवे अडवतं, तोच हेजहॉग जो हायडेलबर्गच्या माश्यांच्या यादीत होता, अळीच्या अंगभर काटे आले म्हणून साळिंदरासारख्या दिसणाऱ्या त्या प्राण्याचं नाव दिलेला. १९९६ मध्ये सापडलं की बेसल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये याच पाथवेचा ब्रेक तुटलेला असतो, आणि तुटतो तो अशा जागी की सायक्लोपामाइन जिथे धरतं ती जागा त्याच्या खाली येते. त्याच जागी बसणारं विस्मोडेगिब २०१२ मध्ये बाजारात आलं. कोकराचा डोळा, माशीची अळी आणि म्हाताऱ्या माणसाच्या नाकावरची जखम एकाच दोरीत आहेत. आणि किंमत तिथेही मोजावी लागते, स्नायूंत गोळे येतात, केस गळतात, चव जाते, आणि गरोदर बाईच्या जवळपासही ते औषध ठेवत नाहीत, कारण मेंढीत जे झालं ते माणसातही होऊ शकतं.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर माशीचा आणि आपला मार्ग एक कारण पूर्वज एक, बहिणीच्या गाठीत त्या मार्गाचा खालचा भाग उघडा राहिलाय, आणि तो मार्ग सगळ्या अंगात लागत असल्यामुळे थेट बंद करायची गोळी अवघड. आता थांबण्याबद्दल.

डेस्मॉइड हा विचित्र आजार आहे. तो कॅन्सरसारखा आजूबाजूच्या स्नायूत मुळं पसरतो, पण लिव्हर-फुप्फुसात जात नाही. काही वाढतात, बऱ्याच आहेत तिथे थबकतात, आणि काही आपोआप आकसतात. सोराफेनिब या औषधाची डेस्मॉइडवर ८७ पेशंटवर चाचणी झाली, २०१८ मध्ये छापून आली. औषध घेणाऱ्यांत ३३ टक्क्यांची गाठ चांगली आकसली, आणि ज्यांना नुसती डमी गोळी दिली त्यांच्यातही २० टक्क्यांची आकसली. पाचातल्या एकाची गाठ काही न करता लहान झाली! हा आकडा डोळ्यासमोर ठेवला की "थांबून बघू" टाळाटाळ वाटत नाही. आज जगभर पहिली पायरी हीच मानतात, ठरावीक अंतराने एमआरआय करून नजर ठेवायची.

माझ्या स्वतःच्या कामातलं एक सांगतो. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी चोपड्याकडच्या एका बाईची पोटावरची गाठ आली होती. बीटा-कॅटेनिनचा स्टेन, म्हणजे तो तपकिरी रंग, तेव्हा मला हाताशी नव्हता, गाठीच्या कडेचा छोटा तुकडा होता, मी तो जुन्या जखमेचा व्रण असा रिपोर्ट केला. गाठ काढली गेली, दोन वर्षांनी तिथेच आधीपेक्षा मोठी होऊन आली, परत काढली, परत आली. तिसऱ्या वेळी तिची आई काउंटरवर येऊन म्हणाली, "डॉक्टरभाऊ, हाई गाठ कसानी शे?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मेणात जपलेल्या तुकड्यांचे जुने ब्लॉक काढून मुंबईला पाठवले तेव्हा डेस्मॉइड निघालं. पहिल्या रिपोर्टला मी नीट पाहिलं असतं, शंका लिहिली असती, तर किमान पुढचं ऑपरेशन विचार करून झालं असतं. चाकू लागला की ही गाठ चिडते असं आम्ही आपसात म्हणतो, जखम भरायच्या प्रक्रियेतही विंटचाच निरोप चालू असतो म्हणून ते मला तर्काला धरून वाटतं, पण सरसकट नियम नाही, पोटाच्या भिंतीतल्या गाठींचं ऑपरेशन गरज पडली तर बऱ्यापैकी यशस्वी होतं. ते कधी करायचं हे गाठीच्या वागण्यावर ठरतं.

थांबायचं कुठवर, तर ते परिस्थितीवर आहे. लागोपाठच्या एमआरआयमध्ये गाठ वाढतच असेल, दुखणं सहन होत नसेल, आतड्याच्या किंवा मोठ्या नसेच्या अंगाला सरकत असेल, तर थांबत नाहीत. मग पर्याय आहेत. सोराफेनिब आपल्याकडे परवडण्यासारखं झालं कारण २०१२ मध्ये भारताने त्यावर देशातला पहिला सक्तीचा परवाना दिला, म्हणजे पेटंट असतानाही दुसऱ्या कंपनीला ते बनवू दिलं, कॅन्सरच्या पूर्ण डोसचा महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला होता. कमी डोसची मेथोट्रेक्सेट-विनब्लास्टिन केमो जुनी आणि अनुभवाची आहे. आणि २०२३ मध्ये अमेरिकेत निरोगासेस्टॅट नावाच्या गोळीला खास डेस्मॉइडसाठी मान्यता मिळाली, चाचणीत १४२ पेशंट होते, औषध घेणाऱ्यांत ४१ टक्क्यांची गाठ आकसली, डमीवाल्यांत ८ टक्क्यांची. गंमत नाही सांगत, ही गोळी विंट अडवतच नाही, ती नॉच अडवते. तोच नॉच जो मॉर्गनच्या लॅबमध्ये पंखाच्या कडेला खाच पडलेल्या माशीवरून कळला. विंटने वाढलेली पेशी नॉचच्या निरोपावरही टेकून असते, तो टेकू काढला की काही गाठी बसतात. पेशीचे मार्ग असे एकमेकांत विणलेले आहेत.

पण ही गोळी तरुण बाईसाठी विचार करून घ्यायची आहे. चाचणीत ज्या बायकांना मूल होण्याचं वय होतं त्यातल्या ७५ टक्क्यांच्या अंडाशयाच्या कामावर परिणाम झाला, बऱ्याच जणींचं औषध थांबवल्यावर पूर्ववत झालं, तरी परिणाम झाला. नॉच अंडाशयातही लागतो, परत तेच कारण. तेव्हा कुठलंही औषध ठरायच्या आधी बहिणीला अजून मूल हवंय का हा प्रश्न तिला स्वतःला विचारा, सासरच्यांना किंवा मेव्हण्यांना नाही, आणि तिचं उत्तर ऑन्कोलॉजिस्टला सांगा. पुढचं बाळंतपण करायचंच असेल तरी बोलून घ्या, गरोदरपणात या गाठी कधी कधी वाढतात.

आता रिपोर्टबद्दल दोन गोष्टी, कारण इथे मी माझ्या कामाच्या जागेवरून बोलतोय. नुसत्या स्टेनवर निदान करू नये. डेस्मॉइड असूनही पाचातल्या एखाद्या केसमध्ये केंद्रकात रंग येत नाही, आणि दुसऱ्या काही गाठींतही तो येतो. सीझरच्या व्रणाजवळची गाठ जास्त वेळा एंडोमेट्रिओसिस असते, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराचा कण व्रणात रुजलेला, ती पाळीच्या दिवसांत दुखते, बहिणीला हे एकदा विचाराच. तुकडा कसा पाठवला त्यावरही सगळं अवलंबून असतं. मला शहादा-तळोद्याकडून सलाईनच्या बाटलीत, एकदा तर नुसत्या ओल्या कापसात एसटीने आलेले तुकडे मिळालेत. दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तेही तुकड्याच्या किमान दहापट, तो पडला नसेल तर रंग खोटा बोलतो. शंका असेल तर मऊ ऊतींच्या गाठी नेहमी बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचं दुसरं मत घ्या, मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी ते रोजचं काम आहे, यात पहिल्या डॉक्टरचा अपमान नाही, मी स्वतः पाठवतो.

दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे आणि तुमच्या प्रश्नात ती नव्हती. मोटरमधलं एपीसी आठवतंय? काही घराण्यांत त्या एपीसीचीच एक प्रत जन्मापासून बिघडलेली असते, त्याला एफएपी म्हणतात, मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप, म्हणजे अस्तरावर छोटे कोंब होतात आणि वेळीच लक्ष दिलं नाही तर चाळिशीच्या आसपास कॅन्सर जवळपास ठरलेला. अशा लोकांनाही डेस्मॉइड होतं. स्टेनवरून दोन्हीतला फरक कळत नाही, पाणी गढूळ असो की मोटर बंद, पातळी वरच दिसणार. म्हणून बीटा-कॅटेनिनच्या जीनची तपासणी करून घेता आली तर बरं, त्यात ४१ किंवा ४५ ची चूक सापडली तर सहसा एपीसी ठीक असतं आणि घरच्यांची काळजी मिटते. नाही सापडली तर कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी करावी लागते. तोवर घरात विचारा, आई-वडील, काका, मामा, आजोबा, कोणाला कमी वयात आतड्याचा कॅन्सर, शौचावाटे रक्त, "पोटातल्या गाठीने गेला" असं काही आहे का. आपल्याकडे हे नेमक्या शब्दात कोणी सांगत नाही, म्हाताऱ्या आत्यांना विचारलं की निघतं. आणि तुम्ही सख्खे भाऊ आहात, तसं काही निघालं तर तपासणी तुम्हालाही लागेल.

मेणाचे ब्लॉक लॅबमधून लेखी अर्ज देऊन मिळतात, ते मिळवा आणि घरात थंड कोरड्या जागी ठेवा, उन्हाळ्यात पत्र्याखाली अजिबात नको, मेण वितळलं की तुकडा गेला. पुढच्या एमआरआयला जाताना आधीच्या एमआरआयची सीडी आणि फिल्मा न्या, नुसता रिपोर्ट नको, आणि शक्यतो त्याच मशीनवर करा म्हणजे माप मापाशी जुळेल. जीन तपासणीचा निकाल आला की ४१ की ४५ तेवढं मला इथेच कळवा, ४५ मध्येही एक प्रकार ऑपरेशननंतर परत यायला जास्त खोडील आहे, त्यावर सर्जनशी काय बोलायचं ते मग लिहितो.